हद्दीच्या दगडापलीकडचा पावटा

गेल्या हिवाळ्यात संगमेश्वर तालुक्यात, आरवली आणि कांटे यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावी माझ्या काकूंकडे गेलो होतो. सकाळी दहाच्या सुमारास काकू घरासमोरच्या उतारावर बसून पावट्याच्या शेंगा तोडत होत्या. पदराच्या ओच्यात शेंगा जमत होत्या आणि हात लावला की बोटांना चिकटणारा त्यांचा तो उग्र, किंचित तेलकट वास अंगणापर्यंत येत होता. काकू जिथे बसल्या होत्या ती जमीन आता त्यांची नव्हती. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी ती काही वर्षांपूर्वी संपादित झाली, मोबदल्याची रक्कम खात्यावर आली, सातबाऱ्यावर फेरफार झाला, अंगणापुढचा जांभ्याचा गडगा पाडला गेला आणि त्याच्या जागी हद्दीचे सिमेंटचे दगड पुरले गेले. त्यानंतर तिथे कुणी फिरकले नाही. दोन पावसाळे गवत माजले, तिसऱ्या वर्षी काकूंनी ते कापून पावटा पेरला. मी विचारले, "काकू, ही जागा रस्त्यात गेली ना?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "गेली की. रस्ता आला की सोडायची. तोवर माती उपाशी कशाला ठेवायची?" त्यांच्या बोलण्यात ना राग होता, ना तक्रार. पाऊस लांबला तर जितक्या सहजपणे त्याविषयी बोलावे, तितक्याच सहजपणे त्या राष्ट्रीय महामार्गाविषयी बोलल्या, आणि मला जे टोचत राहिले ते हेच.

परतीच्या प्रवासात ते वाक्य मनातून जाईना. गाडी डांबरावरून वळणरस्त्यावर, वळणरस्त्यावरून नव्या काँक्रीटवर आणि तिथून पुन्हा खडीवर जात होती. दोन्ही बाजूंच्या आंब्यांवर धुळीचा तांबडा थर बसला होता. त्यातून बाहेर डोकावणारा मोहोरही रंग उडाल्यासारखा दिसत होता. अर्धवट उभ्या पुलाच्या खांबांतून गंजलेल्या सळ्या वर आल्या होत्या. "काम चालू आहे" या फलकाला टेकून एक माणूस शहाळी विकत होता, कारण तिथे प्रत्येक गाडीला थांबावेच लागते. त्याचे दुकान त्या अडथळ्यावर चालते, काकूंचा पावटा त्या अडथळ्यात पिकतो आणि मुंबईतले आमचे अर्धे नातेवाईक या रस्त्याचा नाद सोडून पुणे, सातारा, कऱ्हाड असा वळसा घालून घाट उतरतात. "तिकडून लांब पडते, पण हाडे तरी शाबूत राहतात," हे वाक्य आता प्रत्येक घरात ऐकू येते. लांबणीवर पडलेल्या रस्त्यात आम्ही आमचे संसार बसवून घेतले आहेत. रस्ता अडला म्हणून आयुष्य अडले नाही, ही माणसांची हुशारी खरी. पण रस्ता अडवून ठेवणाऱ्यांना जी सवलत मिळते ती याच हुशारीतून मिळते, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

मुंबई-गोवा महामार्गाची कहाणी कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पनवेल ते (रायगडमधले) इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. तेव्हा पहिलीत गेलेले मूल आज मतदान करण्याच्या वयाचे झाले आहे. कर्नाळा अभयारण्याच्या परवानग्या, भूसंपादनातली दिरंगाई, आर्थिक अडचणीत सापडलेला ठेकेदार, मग त्याच टप्प्याचे पनवेल-कासू आणि कासू-इंदापूर असे तुकडे, नव्या निविदा, माणगाव आणि इंदापूरचे रखडलेले बाह्यवळण रस्ते. इंदापूरच्या पुढचा पट्टा वेगळ्या यंत्रणेकडे आणि तिथे पुन्हा प्रत्येक टप्प्याला वेगळा ठेकेदार. भर म्हणून वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, त्यामुळे कामाचे महिने मोजकेच. ही सगळी कारणे खरी आहेत. उच्च न्यायालयात जनहित याचिकेवर वर्षानुवर्षे हीच कारणे प्रतिज्ञापत्रांतून मांडली गेली आणि प्रत्येक वेळी शेवटी एक नवी तारीख आली. पण कारणांची यादी कितीही वाढवली तरी तिच्यातून एका गोष्टीचे उत्तर मिळत नाही. इतकी वर्षे चुकणाऱ्या तारखांची किंमत कुणालाच का मोजावी लागली नाही?

भूसंपादनाचा भाग मी जवळून पाहिला आहे. आमच्या त्या जागेच्या सातबाऱ्यावर नावांची रांग होती. त्यांतले कित्येक जण कधीच वारलेले, काही परळ-लालबागच्या गिरण्यांत गेलेले आणि पुन्हा न परतलेले, काहींच्या मुली लग्न होऊन कुठे गेल्या हे भावकीतही कुणाला नक्की ठाऊक नाही. वारस नोंदी कुणी केल्या नव्हत्या, कारण जमीन विकायची नव्हती आणि वाटूनही घ्यायची नव्हती. "मुंबईला विचारायला हवे" एवढ्यावर दोन पिढ्या निघाल्या. राष्ट्रीय महामार्ग कायद्याची भाषा गावातल्या सगळ्यांना पाठ झाली: आधी थ्री-ए म्हणजे सरकारचा इरादा, मग हरकतींसाठी २१ दिवस, मग थ्री-डी म्हणजे जमीन सरकारजमा, आणि थ्री-जी म्हणजे मोबदल्याचा निवाडा. थ्री-एपासून एका वर्षात थ्री-डी झाली नाही, तर पहिली अधिसूचनाच बाद होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. ज्या सातबाऱ्यावर वारसांचाच पत्ता नाही तिथे निवाड्याची रक्कम कुणाला द्यायची, हा प्रश्न कोणत्याही अधिकाऱ्याला घाम फोडणारा असतो. हिस्सेदारांपैकी एकाने हरकत घेतली की सगळ्यांचे पैसे अडकतात, आणि हरकत घेणाऱ्याचे वैर रस्त्याशी नसते. ते बहुधा तीस वर्षांपूर्वीच्या बांधावरून आलेले असते.

झाडांच्या पंचनाम्याचा दिवस मला स्पष्ट आठवतो. काका तेव्हा हयात होते. कृषी खात्याचा तरुण कर्मचारी टेप घेऊन एकेका झाडाचा घेर मोजत होता आणि वहीत टिपत होता: आंबा, काजू, पुन्हा काजू, साग. कोपऱ्यातल्या फणसापाशी आल्यावर त्याने विचारले, "आजोबा, हा फळ देतो ना?" काका बराच वेळ गप्प उभे राहिले. तो बरका फणस होता, माझ्या आजीच्या सासूने लावलेला, आणि त्याच्या गऱ्यांवर आमच्या घरातल्या सगळ्या मुलांचा मे महिना निघत असे. काका शेवटी म्हणाले, "देतो. लिहा." त्यांनी एका रुपयाचीही घासाघीस केली नाही. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "झाड गेल्याचे वाईट नाही वाटत. ते तोडतील आणि मग वर्षानुवर्षे तिथे काहीच करणार नाहीत, याचे वाटते." आणि झाले ते अगदी तसेच. फणस पंचनाम्यानंतर काही महिन्यांतच पडला. त्याचा बुंधा पावसात काळा पडत गेला, त्यावर अळंबी उगवली. रस्ता मात्र आला नाही, आणि काकांच्या हयातीत तो येणारही नव्हता.

म्हणून "लोक जमिनी देत नाहीत, म्हणून विकास अडतो" हे वाक्य मला सहन होत नाही. देणाऱ्यांनी काय शिकायचे, हेही पाहायला हवे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांना १ जानेवारी २०१५ पासून लागू झाल्या आणि ग्रामीण भागातला मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत जाऊ लागला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्यांच्या जमिनी आधी गेल्या, ज्यांनी मुकाट्याने सह्या केल्या, त्यांना जुन्या दराने पैसे मिळाले आणि सक्तीने जमीन घेतल्याबद्दल मोबदल्यावर मिळणारी दिलासा रक्कम तर मिळालीच नाही. त्या हक्कासाठी देशभरातल्या शेतकऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात निकाल त्यांच्या बाजूने लागला. शेजारच्या तालुक्यातल्या माणसाने यातून एकच गोष्ट मनाशी बांधली: जो आधी देतो त्याला कमी मिळते, आणि जो अडून बसतो त्याला जास्त. हा धडा लोकांना सरकारी व्यवहारानेच दिला. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात मोबदला कुणाचा, देवस्थानाचा, खोतांचा की कसणाऱ्या कुळांचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि तोवर तिथला रस्ता डोंगर आणि दरी यांच्या मध्ये तसाच लोंबकळत राहिला. पुढे काम सुरू झाले तेव्हा रोज काही तास घाट बंद ठेवावा लागला, आणि पावसाळ्यात कापलेला डोंगर खाली येऊ लागला. कूळकायद्याचे जे वाद आपण दोन-तीन पिढ्या मिटवले नाहीत, ते डोंगर कापायला आलेल्या यंत्रांसमोर येऊन उभे राहिले.

तरीही, मी सगळा भार सरकारवर टाकायला तयार नाही.

आमचा राग भाद्रपदापुरता असतो. जुलै संपत आला की वर्तमानपत्रांत खड्ड्यांची छायाचित्रे येऊ लागतात, वाहिन्यांचे प्रतिनिधी वडखळ आणि माणगावला जाऊन उभे राहतात, मंत्र्यांचे पाहणी दौरे सुरू होतात. "गणपतीआधी" हा शब्द दर वर्षी तेवढ्याच ठामपणे उच्चारला जातो. २०२३ मध्ये तेव्हाच्या सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी गणपतीआधी एक मार्गिका पूर्ण करण्याचे आश्वासन दिले होते. कशेडीच्या बोगद्याची एक बाजू त्या गणपतीआधी हलक्या वाहनांसाठी खुली झालीही. पण बाकी ठिकाणी ज्याला काम म्हटले गेले ते बहुतांशी खड्ड्यांत खडी टाकणे, पेव्हर ब्लॉक बसवणे, रात्रीतून डांबराचा पातळ थर ओढणे एवढेच होते, आणि पुढच्या मोठ्या पावसात ते वाहून गेले. सोबत टोलमाफीचे पास निघतात, अवजड वाहनांना काही दिवस बंदी होते, आणि मुंबईतल्या प्रत्येक मतदारसंघातून चाकरमान्यांसाठी मोफत एसटी गाड्या सुटतात, पुढे-मागे नेत्यांची छायाचित्रे लावून. दादर-परळला त्या गाड्या सुटताना मी पाहिल्या आहेत. नारळ फुटतो, "गणपती बाप्पा मोरया" होते, मुलांच्या मांडीवर मखराचे सामान असते, आणि त्या आनंदात कुणी पायरीवर उभ्या असलेल्या नेत्याला विचारत नाही की गाडी फुकट दिलीत, रस्त्याचे काय. विचारावेसे वाटत नाही, हेही मी समजू शकतो. वर्षातून एकदा घरी जाणाऱ्या माणसाला भांडण नको असते. अनंत चतुर्दशीनंतर मात्र दौरे थांबतात, छायाचित्रे थांबतात, आणि नोव्हेंबर ते मे, म्हणजे ज्या महिन्यांत काम खरोखर होऊ शकते, त्या महिन्यांत या रस्त्याकडे कुणी पाहत नाही. जनआक्रोश समितीसारख्या गटांनी वर्षभर पाठपुरावा केला, उपोषणे केली, निवेदने दिली. त्यांच्या मागे किती माणसे उभी राहिली, हे त्यांनाच विचारावे. राजकारणी माणूस लोकांच्या रागाचे वेळापत्रक आपल्यापेक्षा नीट वाचतो. ज्याला ठाऊक आहे की प्रश्न ऑगस्टमध्येच विचारला जाणार, तो उत्तरही ऑगस्टपुरतेच तयार ठेवतो.

हे खोटे वाटत असेल त्यांनी सावित्री नदीवरचा पूल आठवावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ, पुराच्या पाण्यात ब्रिटिश काळातला दगडी पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या माणसांसह अंधारात नदीत गेल्या. त्या बातमीने कोकणातले घरन् घर हादरले होते. आमच्याकडे त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस कुणी "गाडी कुठवर आली" असा फोन केला की घरातली सगळी माणसे गप्प होऊन ऐकत. त्याच जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. तोच महामार्ग, तोच पाऊस, त्याच यंत्रणा, तेच सरकारी नियम. फरक एवढाच होता की सबंध महाराष्ट्राचे डोळे त्या एका नदीवर रोखलेले होते आणि कामाला एक दिवस उशीर झाला असता तरी कुणाला तरी उत्तर द्यावे लागले असते. मला त्या पुलाचा अभिमान वाटतो, आणि त्यावरून जाताना प्रत्येक वेळी घशात काहीतरी अडकते. इतक्या माणसांचा जीव गेल्याशिवाय आपली एकाग्रता जागी होऊ नये, हे मला पटवून घेता येत नाही.

दुसरे उदाहरण याच रस्त्याला समांतर धावते. कोकण रेल्वेची मागणी पिढ्यान्‌पिढ्या झाली, पण १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, मधू दंडवते अर्थमंत्री होते आणि ई. श्रीधरन यांच्या हाती एकाच यंत्रणेची सगळी सूत्रे होती. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचा भांडवलात वाटा होता, बाकीचा पैसा रोख्यांतून उभा राहिला. पुढच्या वर्षांत दिल्लीत पंतप्रधान एकामागून एक बदलले, तरी काम बंद पडले नाही, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ७४१ किलोमीटरच्या सबंध मार्गावरून गाडी धावली. विरोध तिथेही झाला होता. गोव्यात खाडीकाठच्या खाजण शेतीतून आणि जुन्या गोव्याच्या परिसरातून जाणाऱ्या मार्गावरून मोठे आंदोलन पेटले, काम थांबले, ओझा आयोग बसला. पण त्या विरोधाला ऐकणारे कान आणि निर्णयाची एक जागा होती. विरोध ऐकला गेला, निर्णय झाला, काम पुढे सरकले. त्या घाईचीही किंमत होती, हे मी नाकारत नाही: २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीला दरडींमुळे अपघात झाले, माणसे गेली, आणि आजही पावसाळ्यात गाड्या कमी वेगाने धावतात. तरी महामार्गाचे तुकडे पाहिले की मला वाटते, आपल्याकडे माणसांची किंवा तंत्राची वाण नाही. पंधरा वर्षे एकाच कामाला उत्तरदायी राहील अशी एक जागा आपण निर्माण केली नाही, आणि निर्माण करा असा हट्टही धरला नाही.

आणि ज्या जागी राग काढायचा तिथे न काढता तो आपण भलत्यावर काढतो. २०१९ च्या जुलैमध्ये कणकवलीत महामार्गाच्या दुर्दशेवरून एका आमदाराने आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी उपअभियंत्याच्या अंगावर चिखल ओतला. ती दृश्ये सगळ्या वाहिन्यांवर दिसली. माझ्या ओळखीतल्या कितीतरी सज्जन माणसांना ते पाहून समाधान वाटले होते. मला त्या अभियंत्याचा चेहरा विसरता येत नाही. निविदा त्याने काढली नव्हती, ठेकेदार त्याने निवडला नव्हता, निधीचे वेळापत्रक त्याच्या हातात नव्हते. चिखल ओतल्याने एकही खड्डा बुजला नाही. उलट, उद्या कुणी चांगला अभियंता या रस्त्यावर बदली मागणार नाही याची तजवीज मात्र झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले तेव्हाही चार दिवस असाच संताप उसळला. आराखडा कुणी तपासला, देखरेख कुणाची होती, चौकशीतून पुढे काय निघाले, हे विचारायला पाचव्या दिवशी फारसे कुणी नव्हते.

काकूंच्या त्या उत्तरातला निर्विकारपणा मला का बोचला, ते लिहिता लिहिता थोडे उलगडते आहे. त्यांनी त्यांच्या वाट्याचे सगळे दिले होते: जमीन, गडगा, फणस, सही. त्यांच्याकडून आणखी काही मागण्याचा हक्क कुणालाही नाही. पण त्यांनी दिलेल्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे काम आमचे, म्हणजे मुंबई-पुण्यात राहून वर्षातून एक-दोनदा त्या अंगणात उतरणाऱ्यांचे होते. ज्यांच्या हाती वेळ, शिक्षण, ओळखी आणि मते आहेत, ते आम्ही कऱ्हाडमार्गे वळसा घालून निघून गेलो.

आता नव्या रस्त्यांचे वारे आहे. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात कल्पना निघालेल्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या खाडीपुलांची कामे पुढे सरकू लागली आहेत; कोकणातून वेगळा द्रुतगती महामार्ग न्यायचा म्हणून आखणी झाली आहे; आणि पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग आहेच, ज्याचे कोल्हापुरातले भूसंपादन २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाले आणि निवडणूक उरकल्यावर तोच प्रकल्प पुन्हा पुढे आणला गेला. अशाने सरकारच्या पुढच्या शब्दावर विश्वास कुणी ठेवायचा? ज्या गावांत मोजणीचे खांब उद्या-परवा येतील तिथल्या ओळखीच्या माणसांना मी हल्ली जिथे भेटतील तिथे सांगतो: वारस नोंदी आजच करून घ्या, नोटीस येईपर्यंत थांबू नका, हरकत असेल तर ती २१ दिवसांच्या आत, लेखी आणि कारणासकट द्या, रस्त्यात आडवे पडण्याची वेळ येऊ देऊ नका, ग्रामसभेत मोबदल्याच्या दराबरोबर दुसराही ठराव करा, की ताबा घेतल्यापासून किती महिन्यांत काम सुरू होणार आणि कुठली यंत्रणा त्याला जबाबदार, हे नाव आणि तारखेनिशी लेखी मिळाले पाहिजे. आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना सांगतो, की फुकट गाडीसाठी नावे नोंदवायला जसे जून-जुलैत जमता, तसे एकदा डिसेंबरात जमा, त्याच नेत्याला बोलवा, आणि आपल्या टप्प्याचे त्या महिन्यात किती काम झाले ते त्याच्याकडून ऐकून घ्या. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवा.